महाद्वार रोडवरचा रानमध: पाचपैकी साडेचार

कोल्हापुरात महाद्वार रोडजवळच्या छोट्या दुकानातून जांभळाचा मध आणला, अर्धा किलो ३५० रुपयांना. राधानगरी भागातल्या धनगरवाड्यांवरचा. रंग गडद, गोडीमागून हलका कडवटपणा. आईनं भाकरीबरोबर चाखला आणि म्हणाली, "ह्यो खरा."

दुकानातल्या मावशींनी सांगितलं, मध काढताना पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापतात, पिल्लांचा तसाच ठेवतात. माश्या तिथंच राहतात, पुढच्या हंगामात पुन्हा मध. रानातल्या घरांना किलोमागं किती मिळतात, तेही फळ्यावर लिहिलेलं. हे मी कुठल्याच दुकानात पाहिलं नव्हतं!

२००६ च्या वनहक्क कायद्यानं मध, हिरडा अशा गौण वनोपजावर वनवासीयांचा हक्क मानला आहे. पण हक्काला गिऱ्हाईक आणि रास्त भाव नको का? जांभूळ उभं राहिलं तरच त्यांची चूल पेटते, म्हणून ते झाड तेच राखतात. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा झाला. तो वारसा सांभाळणाऱ्यांच्या हातात पैसा जातोय, याचं मला फार समाधान वाटतं.

झाकण मात्र सैल, पिशवीभर मध सांडला. बाटली सरळ धरून न्या. दिवाळीला सहा बाटल्या सांगून ठेवल्यात.