कॅनन ५० एमएम एफ १.८ एसटीएम: दोन लग्नसराया वापरल्यावर

लग्नाचे फोटो शिकायला लागून मला दोन लग्नसराया झाल्या. एरवी मी कराडला एका पतसंस्थेत काम करते आणि मुहूर्ताच्या दिवशी रजा टाकून ओळखीच्या एका स्टुडिओवाल्या काकांबरोबर असिस्टंट म्हणून जाते. कॅमेरा कॅनन २००डी आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ एमएमची झूम, म्हणजे किट लेन्स (एमएमचा आकडा जितका मोठा, तितकं दृश्य जवळ दिसतं). पहिली पाच-सहा लग्नं तिच्यावरच काढली. मग काकांच्या ओळखीने ही ५० एमएम, झूम नसलेली लेन्स, जुनी पण स्वच्छ काचेची, साडेपाच हजारांना मिळाली. आज माझे जे फोटो लोक मागून घेतात, ते बहुतेक हिच्यावरचेच असतात. म्हणून नव्याने शिकणाऱ्यांसाठी जरा सविस्तर लिहिते.

आधी उजेडाचं. कार्यालयात नवरीची खोली म्हणजे एक ट्यूबलाइट, एक आरसा आणि पंधरा बायका. किट लेन्स ५५ वर नेली की एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं आणि उजेड जास्त). मग आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची कॅमेऱ्याची संवेदनशीलता, ६४०० करायचा, आणि शालूचा रंग, चेहऱ्याचा पोत सगळंच दाणेदार. ही लेन्स एफ २ वर ठेवली की बरोबर तीन स्टॉप, म्हणजे तीनदा दुप्पट उजेड, वाचतात, तोच फोटो आयएसओ ८०० वर निघतो. अल्बमच्या पानावर फरक कुणालाही दिसतो.

मात्र हिच्यात स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सावरायची सोय, नाही. किट लेन्सवर शटर १/३० सेकंदाला निभावून जायचं, इथे हात जरा हलला की लगेच कळतं. मी कार्यालयात शटर १/१०० वरच ठेवते. त्यामागे आणखी एक कारण आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर त्याहून जलद ठेवला की एक फोटो पिवळा, दुसरा काळपट, तिसऱ्यावर पट्टे असं होतं. १/१०० वर एक पूर्ण फेरा पकडला जातो आणि रंग सारखे येतात. नवरदेव नाचायला लागला की हा नियम मोडावाच लागतो, पण विधींना पुरेसा आहे.

आता माझी चूक सांगते, कारण ही लेन्स घेणारा प्रत्येकजण ती करेल असं मला वाटतं. पहिल्याच लग्नात मी दिवसभर एफ १.८ वर फोटो काढले. मागचं सगळं कसं छान विरघळतंय, याचीच भूल पडली होती. रात्री घरी कॉम्प्युटरवर फोटो मोठे करून पाहिले तर नथीचा मोती न मोती मोजता येत होता आणि डोळे धूसर. काही फोटोंत मुंडावळीचे मणी स्पष्ट आणि त्यांच्या मागचा चेहरा गेलेला. मी रडले. एका मुलीच्या आयुष्यातली ती सकाळ होती, परत कुठून आणणार?

दुसऱ्या दिवशी काकांनी हिशेब मांडून दाखवला. २००डी वर या लेन्सने एक मीटरवरून एफ १.८ ला फोटो काढला तर जेमतेम अडीच सेंटिमीटर भाग स्पष्ट येतो. नथ डोळ्याच्या तेवढीच पुढे असते. कॅमेऱ्यावर सगळे फोकस पॉइंट चालू ठेवले की त्याला जे सगळ्यात जवळ आणि चमकदार दिसतं ते तो पकडतो, म्हणजे दागिना. काका म्हणाले, "अगं, कॅमेऱ्याला नथ आणि डोळा सारखाच. कुठं बघायचं ते तू सांग की." तेव्हापासून एकच पॉइंट, तो कॅमेऱ्याकडच्या जवळच्या डोळ्यावर. एकटी नवरी असेल तर एफ २.८, अंतर दीड मीटर. साधारण नऊ सेंटिमीटर मिळतात, नथीपासून कानापर्यंत बरंचसं येतं. नवरा-नवरी दोघं असली की एफ ४. १.८ मी आता उजेड अगदीच संपला तरच वापरते.

या लेन्सचं खरं काम चेहऱ्याचं. २००डी च्या लहान सेन्सरवर ५० एमएम हे मोठ्या, फुल-फ्रेम सेन्सरवरच्या ८० एमएमसारखं दिसतं, त्यामुळे दीड-दोन मीटरवर बसून काढलं की नाक मोठं होत नाही, चेहरा आहे तसा येतो. मलकापूरच्या एका लग्नात नवरीची आजी खिडकीपाशी ताटात तांदूळ घेऊन अक्षतांना हळद-कुंकू लावत बसली होती. मी समोर जमिनीवर बसले. आजी म्हणाल्या, "माझा कशाला गं काढतीस, नवरीचा काढ." मी म्हटलं, "आजी, तुम्ही तुमचं करा, मी नुसती बसते." दहा मिनिटांनी त्या मला विसरल्या. खिडकीचा उजेड एका गालावर, बोटं पिवळी, आणि हात तांदळात असतानाच त्यांनी नातीकडे वर पाहिलं. एफ २.८, आयएसओ ४००. झूम असता तर मी दारातूनच ओढून घेतला असता आणि आजींनी पदर सावरून तोंड फिरवलं असतं. ही लेन्स तुम्हाला उठून माणसाजवळ जायला लावते. बारा बाय अठराची प्रिंट करून दिली, ती त्यांच्या घरी सोप्यात लागली आहे.

पण म्हणून हिच्यावर पूर्ण लग्न काढायला जाऊ नका. अंतरपाट धरलेला असताना नवरा-नवरी दोघं चौकटीत बसवायला साडेतीन मीटर तरी मागे जावं लागतं, आणि तिथे मामा, करवल्या, गुरुजी, व्हिडिओवाला सगळे उभे असतात. शेवटचं "शुभमंगल सावधान" झालं की दोन सेकंदांत अंतरपाट खाली. तेव्हा मागे सरकायला जागा शोधणं म्हणजे फोटो गमावणं. स्टेजवरच्या ग्रुपचं तर विचारूच नका. पाच मीटर रुंद रांग घ्यायला अकरा मीटर मागे, म्हणजे पाहुण्यांच्या खुर्च्यांत. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत मी किट लेन्स लावलेली असते.

हळदीच्या दिवशी ४९ एमएमचा साधा यूव्ही फिल्टर पुढे लावा. या लेन्सला धूळ-पाण्यापासून वेगळं संरक्षण नाही आणि ओली हळद फोकस रिंगच्या खाचांत बसली की निघत नाही; माझ्या लेन्सवर अजून पिवळी रेघ आहे. आडवा उजेड अडवणारा हूड लेन्सबरोबर येत नाही, ईएस-६८ वेगळा घ्यावा लागतो.

जुनी घेणार असाल तर मेटल माउंटची (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी कडी), २०१५ मध्ये आलेली एसटीएमच घ्या; आधीच्या प्रकाराचा माउंट प्लास्टिकचा होता. दुकानात कॅमेरा चालू करून जवळ-लांब दहा वेळा फोकस करून बघा, कारण बंद कॅमेऱ्यावर हिची रिंग फिरवली तरी काही होत नाही. पुढची नळी फोकसबरोबर बाहेर येते, ती सरळ आत-बाहेर होते का ते पाहा. कॅननचा आरएफ माउंटचा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा असेल तर आरएफ ५० एमएम एफ १.८ बघा, ही त्यावर अॅडॉप्टरशिवाय बसत नाही.

मी आता जास्त रुंद दृश्य घेणाऱ्या २४ एमएम एफ २.८ लेन्ससाठी पैसे बाजूला टाकते आहे. तुळशीच्या लग्नाआधी आली तर अंतरपाट तिच्यावर काढायचा आणि नवरीच्या खोलीत हीच ५०.