वाड्यातली लक्ष्मी, बिदरीची सुरई आणि एक मोडी कागद: पुण्यात चाललेली फसवणूक

जुन्या वस्तूंवरची पुस्तकं वाचायला ज्यांनी नुकती सुरुवात केली आहे, त्यांनी हे जरूर वाचावं. पुण्यात सध्या नेमक्या अशाच लोकांना गाठलं जातंय. ज्याला यातलं काहीच माहीत नाही, तो एका जुन्या चित्रासाठी पन्नास हजार मोजत नाही. ज्याने थोडंफार वाचलंय, ज्याला 'ओलिओग्राफ' (तैलचित्रासारखं दिसणारं छापील चित्र) म्हटल्यावर डोळ्यांसमोर काहीतरी येतं, तो मोजतो. फसवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक आहे, कारण तीच पुस्तकं त्यानेही वाचलेली आहेत.

अशा एका फसवणाऱ्याशी माझी गाठ पडली मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात. बुधवारी आणि रविवारी भरणारा हा बाजार मला मनापासून आवडतो आणि तिथल्या पथारीवाल्यांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. हे गृहस्थ पथारीवाले नव्हतेच. मी अडकित्ते बघत होते, ते शेजारी येऊन उभे राहिले. पात्याचं पोलाद आणि दांड्याचं पितळ कुठे जुळवलंय ते मी निरखते आहे, हे त्यांनी हेरलं. "केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहिलेले दिसतात ताई तुम्ही." साठीचे असावेत, बोलणं मृदू, कपडे साधे. सदाशिव पेठेतला एक वाडा बिल्डरकडे गेलाय, मालक मंडळी परदेशात आहेत, माळ्यावरचं सामान चांगल्या हाती जावं अशी त्यांची इच्छा आहे, असं म्हणाले.

पुण्यात ही गोष्ट कुणालाही खरी वाटेल. पेठांमधले वाडे खरंच एकेक करून पडतायत. माळ्यांवरून समया, पानदानं, घंगाळं, तसबिरी खरंच बाहेर येतायत आणि त्यातलं बरंचसं भंगारात जातंय. ते वाचावं असं वाटणाऱ्या माणसाच्या तळमळीवरच हा सगळा धंदा उभा आहे, आणि मला सर्वात जास्त चीड त्याची येते.

आधी त्यांनी मला एक अडकित्ता विकला. अस्सल, आणि भावही रास्त. तो आजही माझ्याकडे आहे. पहिला व्यवहार चोख करायचा, घाई करायची नाही, उलट "नसेल पटत तर राहू द्या" म्हणायचं, ही त्यांची रीत. पुढे तीन वस्तू आल्या: रवि वर्मा प्रेसने छापलेलं लक्ष्मीचं चित्र, बिदरीची एक सुरई आणि निळ्या नक्षीच्या सहा इंग्लिश बशा. सगळं मिळून १,४०,००० रुपये, रोख. "घरात भावाभावांत वाटणी व्हायची आहे, बँकेत नको" असं कारण सांगितलं गेलं. सोबत एक मोडी कागद आणि गोल शिक्क्याचं एक इंग्रजी पत्र.

आता लक्ष्मीबद्दल सविस्तर सांगते, कारण हीच वस्तू सर्वात जास्त फिरवली जाते आहे. रवि वर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. त्या काळच्या अनेक चित्रांखाली 'कार्ला-लोणावळा' असा पत्ता छापलेला असतो. पुण्यापासून इतक्या जवळ छापलेली ही चित्रं इथल्या घराघरांतल्या देवघरांत लागली, त्यामुळे ती इथल्या माळ्यावर सापडणं अगदी स्वाभाविक. छपाई दगडावरून व्हायची. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकावर एक रंग चढवत जायचे आणि शेवटी तैलचित्रासारखी चकाकी यावी म्हणून वॉर्निश. पुढे छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला आणि तीच चित्रं कितीतरी वर्षं निघत राहिली. म्हणून खाली पत्ता आहे एवढ्यावरून चित्राचं वय ठरत नाही, आणि पत्ता तर कोणीही छापू शकतो.

माझ्या लक्ष्मीवर पत्ता होता. कागद पिवळा होता. डाव्या कोपऱ्यात पाण्याचा डाग होता आणि हत्तीच्या सोंडेवरून एक घडी गेली होती. जुनेपणाच्या ज्या खुणा वाचलेल्या होत्या, त्या सगळ्या जागच्या जागी.

तोच डाग मी कोथरूडला एका ओळखीच्या बाईंच्या दिवाणखान्यात पाहिला. त्याच कोपऱ्यात, त्याच आकाराचा. सोंडेवरची घडीही तीच. मूळ चित्राचं स्कॅन करून छापलं की डागही छापला जातो, घडीही छापली जाते. घरी येऊन फ्रेम उघडली. मागून कागद कोरा, डाग आरपार गेलेलाच नाही. घडीवरून बोट फिरवलं तर काही लागत नाही. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली चार ठरावीक रंगांचे बारीक ठिपके, फुलाच्या पाकळ्यांसारखे एकाच साच्यात बसलेले. ही आजच्या ऑफसेट छपाईची ओळख आहे. दगडी छपाईत ठिपके हाताने किंवा दगडाच्या कणांमुळे उमटतात, ते अनियमित असतात, आणि रंगही चारच नसतात. एक सावधगिरीचं सांगते: इंकजेटवर छापलेल्या नकलेत ठिपके विखुरलेलेच दिसतात, म्हणून पाकळ्या दिसल्या नाहीत तर चित्र अस्सल असं समजू नका. फ्रेमबाहेर काढून मागची बाजू बघितल्याशिवाय पैसे द्यायचेच नाहीत. "फ्रेम जुनी आहे, उघडली तर फुटेल" असं तुम्हालाही सांगितलं जाईल. फ्रेम खरंच जुनी असते. आतलं चित्र नसतं.

बिदरीची गोष्ट वेगळी. बिदरी म्हणजे जस्तात थोडं तांबं मिसळून ओतलेली वस्तू. त्यावर नक्षी कोरतात, खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात, आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर कालवून तिचा लेप देतात. त्याने जस्ताचा मिश्रधातू काळाभोर होतो, चांदी पांढरीच राहते. म्हणजे तो काळा रंग वरून लावलेला नसतो, धातूचाच पृष्ठभाग बदललेला असतो. ही कृती ज्याने नीट समजून घेतली आहे, त्याला सुरई नुसती हातात धरली तरी शंका येते. जस्त अॅल्युमिनियमच्या अडीचपटीहून जड. माझी सुरई आकाराच्या मानाने हलकी होती. तोंडाच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा बोळा फिरवला तर बोळा काळा झाला आणि खाली पांढरं अॅल्युमिनियम दिसलं. (कुणाच्या अस्सल वस्तूवर हा प्रयोग विचारल्याशिवाय करू नका.) चांदी म्हणून जी होती ती वर चिकटवलेली चंदेरी पन्नी. भिंगातून तिच्या कडा उचललेल्या दिसत होत्या.

तळाची झीज तर मुद्दाम सांगायला हवी. 'तळ बघा, झीज बघा' असं सगळी पुस्तकं सांगतात. या सुरईचा तळ झिजलेला होता, पण सगळीकडे सारखा, एकाच दिशेच्या ओरखड्यांनी. पॉलिश पेपर फिरवलेला. वर्षानुवर्षं उचलून ठेवलेल्या भांड्याचा तळ जिथे टेकतो तिथेच झिजतो आणि ओरखडे वाटेल त्या दिशांना जातात.

बशा खऱ्या इंग्लिश आहेत, वाईटही नाहीत. फक्त त्यांनी सांगितल्या तशा '१८५७ च्या आधीच्या' नाहीत. मागे 'मेड इन इंग्लंड' आहे. बाहेरून येणाऱ्या मालावर तो बनला त्या देशाचं नाव असलंच पाहिजे हा अमेरिकेचा कायदा १८९० चा, अंमल १८९१ पासून, आणि 'मेड इन' हे शब्द सर्रास दिसू लागले ते त्याहूनही पुढे, विसाव्या शतकात.

मोडी कागद मी मोडी वाचणाऱ्या एका काकांना दाखवला. कागद जुना, शाई जुनी, हस्ताक्षरही जुनं. मजकूर? कुणीतरी कुणाकडून घेतलेल्या कर्जाचा. सुरईचा, तसबिरीचा, त्या वाड्याचा उल्लेखही नाही. मोडी आता फार थोड्यांना वाचता येते, याच्या भरवशावर तो जोडलेला. कुठल्यातरी घराण्याच्या दप्तरातून तो एकटा फाडून काढला असेल आणि बाकीचे कागद कुठे गेले असतील, हा विचार मला पैशांपेक्षा जास्त छळतो. पुण्यात मोडी शिकवणारे वर्ग चालतात, जाणकार आहेत, ते आनंदाने वाचून देतात. व्यवहाराच्या आधी त्यांच्याकडे जा.

शिक्क्याचं पत्र पुरातत्त्व खात्याचं म्हणून दिलं होतं आणि त्यात वस्तूंची 'अंदाजे किंमत' होती. तिथेच ते खोटं ठरतं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरावशेष ठरतात (हस्तलिखितांसाठी मर्यादा ७५ वर्षांची). त्यातल्या ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते, आणि पुरावशेष विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो. बाजारभावाची हमी देणं हे त्या नोंदणीचं कामच नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू म्हणून कोणी धंदा करत असेल तर परवाना मागा. मागितल्यावर चेहऱ्यावर काय उमटतं तेही बघा.

यानंतर मी वाचन सोडलं नाही, उलट वाढवलं. फक्त आता शिक्के, सह्या आणि खुणा यांच्या याद्यांवर वेळ घालवत नाही. वस्तू घडते कशी, हे शोधते. कसब्यात तांबट आळीत उभं राहून मठारकाम बघितलं, की हातोडीचे ठोके भांड्यावर कसे फिरत जातात ते कळतं, आणि साच्यातून काढलेले खोटे ठोके लगेच वेगळे दिसतात. केळकर संग्रहालयात आता एका खेपेला एकच दालन बघते.

त्या गृहस्थांचा फोन बंद आहे. दिलेल्या पत्त्यावर फार पूर्वीच उभी राहिलेली एक सोसायटी आहे आणि तिथे त्यांना कोणी ओळखत नाही. मी पोलिसांत लेखी तक्रार दिली. फसवणुकीसाठी आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, पूर्वीच्या ४२० च्या जागी. पैसे रोख दिलेले आणि पावती नाही, त्यामुळे एकट्या तक्रारीला पुराव्याचं बळ कमी पडतं. कोथरूडच्या बाईंनी त्यांच्या चित्रासह तक्रार दिल्यावर दोन्ही चित्रं शेजारी ठेवून तोच डाग दाखवता आला, आणि मग चौकशीने जोर धरला.

तुमच्या किंवा ओळखीच्या कुणाच्या भिंतीवर डाव्या कोपऱ्यात डाग आणि सोंडेवर घडी असलेली लक्ष्मी असेल, तर ती फेकू नका, परत विकू तर अजिबात नका. पुढून, मागून आणि भिंगातून फोटो काढा, सोबतचे कागद जपून ठेवा, फोनमधले निरोप पुसू नका, आणि आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्या.