सहा जागांच्या जाहिरातीत हातचे किती जातात

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर किंवा पुण्याला टोटवर (सगळ्यांचे पैसे एका पुलात जमा करून जिंकणाऱ्यांत वाटणारी खिडकी) खेळलेला माणूस ब्रिटनमध्ये गेला, की ‘ईच-वे’ला हमखास फसतो. टोटवर विन (घोडा पहिला यावा) आणि प्लेस (पहिल्या काही जागांत यावा) यांचे पूल वेगळे असतात. ब्रिटिश बुकीकडे मात्र प्लेसचा भाव म्हणजे विनच्या भावाचा ठरलेला हिस्सा. ‘१० पौंड ईच-वे’ म्हटलं की विनचा एक आणि प्लेसचा एक असे दोन डाव लागतात, खात्यातून २० पौंड जातात. हे न कळल्यामुळे दुप्पट पैसे लावून बसलेले कितीतरी.

सोळा किंवा जास्त घोड्यांच्या हँडिकॅपला (घोड्यांच्या कुवतीप्रमाणे पाठीवर कमीजास्त वजन देऊन होणारी शर्यत) रूढ अट पहिले चार, पाव हिस्सा अशी असते, म्हणजे पहिल्या चारांत आला तर प्लेसला विनच्या भावाचा पाव भाग. ‘एक्स्ट्रा प्लेस’, म्हणजे जादा जागांची ऑफर देणारा बुकी सहा जागा देतो, आणि बरेचदा बारीक अक्षरांत पाव हिश्शाऐवजी पाचवा हिस्सा करतो. २०/१ चा (एका पौंडावर वीस पौंड नफा देणारा) घोडा चौथा आला, तर पाव हिश्शाने प्लेसचे १० पौंड ६० होऊन परत येतात, पाचव्या हिश्शाने ५०. त्यावर बरेचदा विनचाही भाव कमी असतो. त्याच घोड्याला सहा जागांच्या ऑफरच्या भावांच्या रांगेत १४/१ असेल, तर चौथ्या जागेला ३८ च मिळतात, आणि घोडा जिंकला तर दोन्ही डावांचे मिळून २७० ऐवजी १८८. पाचव्या-सहाव्या जागेची किंमत तुम्हीच आधी भरलेली असते. म्हणून जागा मोजण्याआधी दोन्ही रांगांचे भाव शेजारी शेजारी मांडून पाहा.

फेव्हरिटवर (सगळ्यात कमी भावाच्या घोड्यावर) तर ही ऑफर घेऊच नये. ३/१ चा घोडा दुसरा आला, तरी पाचव्या हिश्शाने २० पौंडांचे १६ परत येतात. जागा मिळते आणि चार पौंड जातात!

वाद मात्र बहुतेक वेळा अटींवरून होतो. डाव ऑफरच्या नाही, नेहमीच्या चार जागांच्या रांगेत लागला असेल, तर पाचव्याला काही मिळत नाही. फ्री बेटला (बुकीने फुकट दिलेल्या डावाला) ऑफर लागू नसते असं बरेचदा असतं. शेवटच्या पैशाच्या जागेवर दोन घोडे बरोबरीत आले, तर प्लेसचा अर्धाच डाव धरतात. घोडे गळून सोळाचे पंधरा झाले, तर रूढ अट तीन जागांवर येते. अशा वेळी ऑफरच्या जागा राहतात की नाही, ते त्या ऑफरच्या नियमातच पाहावं लागतं.

याहून वाईट म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप-टेलिग्रामवरचे ‘खात्रीचा नफा’ गट. बुकीकडे ईच-वे लावायचा आणि एक्सचेंजवर (जिथे खेळणारेच एकमेकांशी डाव लावतात) तोच घोडा ‘ले’ करायचा, म्हणजे तो येणार नाही यावर विन आणि प्लेस असे दोन डाव घ्यायचे, ही पद्धत खरी आहे. घोडा नेमका जादाच्या जागेत आला, तर बुकी प्लेसचे पैसे देतो आणि एक्सचेंजवरही तुम्हीच जिंकता, म्हणून दोन्हीकडून पैसे मिळतात. एरवी दर वेळी थोडा तोटा. पण २२ च्या भावाने (एक्सचेंजवर भावात मूळचा पौंडही धरतात, म्हणजे २१/१) १० पौंड ‘ले’ करायला एक्सचेंजवर २१० पौंड अडकतात, प्लेसचे वेगळे. हे गटवाले सांगत नाहीत. उलट ‘तुझ्या नावाने खातं उघड, आम्ही चालवतो’ म्हणतात. दुसऱ्याने चालवलेलं खातं सापडलं की बुकी पैसे रोखतो. तक्रार करायची तर खातं तुमच्या नावावर, गटवाला पसार.

नियमांचा स्क्रीनशॉट डाव लावण्याआधीच घ्या. बुकीकडे परवाना आहे का, ते गॅम्बलिंग कमिशनच्या (ब्रिटनमधली जुगाराची सरकारी नियामक संस्था) सार्वजनिक नोंदवहीत दिसतं. वाद झाला तर आधी बुकीकडे लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही, तर बुकीने नेमलेल्या तटस्थ लवादाकडे जाता येतं, आणि त्याचे पैसे पडत नाहीत.