एका शेअरचे दहा, आणि माझे 2,86,000 रुपये

शेअरच्या नावाखाली फसलो. नाव लिहीत नाही, गावात आधीच तोंड चुकवत फिरतोय. यवतमाळ जिल्हा, नऊ एकर कोरडवाहू, कापूस-तूर. शिक्षण बी.कॉम. हे मुद्दाम सांगतो, कारण पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी ते तीनदा विचारलं.

2024 चा मे महिना. व्हॉट्सअॅप ग्रुप, टिप देणारे 'सर', नफ्याचे स्क्रीनशॉट, त्यांचंच अॅप. पुढचं तुम्हाला माहीत आहे. आमिष मात्र नवीन होतं: एनव्हिडिया या अमेरिकन चिप कंपनीच्या शेअरचा स्प्लिट. एका शेअरचे दहा होणार, हे खरं. 22 मेला भाव साडेनऊशे डॉलरच्या आसपास होता, 7 जूनला 1,209 झाला, हेही खरं. मी स्वतः तपासलं होतं, डोळे मिटून उडी मारली नव्हती. खोटं एवढंच होतं की "शेअर दहापट होतील, भाव तोच राहील."

आधी 25,000. मग बियाणं-खताचे 85,000. मग बायकोची पोत गहाण टाकून 1,40,000. दर वेळी नव्याच माणसाचं बचत खातं. शेअरचे पैसे कुणा बाईच्या बचत खात्यात मागितले की तिथंच फोन ठेवा.

10 जून, सोमवार. मृग लागलेला, सगळे पेरणीच्या घाईत, आणि मी सकाळी नऊला मोबाईल धरून धुऱ्यावर. अॅपवर अडीच शेअरचे पंचवीस झालेले, भाव तोच, पंचवीस लाख! अरे, अमेरिकेचा बाजार या दिवसांत आपल्या संध्याकाळी सातला उघडतो. सकाळी नऊला हा भाव आणला कुठून? वडिलांचे सत्तावीस एकर आम्हा तीन भावांत वाटले तेव्हा सातबारे तीन झाले, जमीन सत्तावीसच राहिली. तलाठ्यासमोर मीच उभा होतो! स्प्लिट तेच: शेअर दहापट, भाव दहावा हिस्सा. त्या रात्री खरा भाव 122 डॉलरच्याही खाली बंद झाला. भाच्यानं दाखवला. मी म्हटलं, "तुले काय समजते बे?"

पैसे काढायला गेलो तर म्हणे आधी 36,000 'टॅक्स'. तोही भरला. आपलेच पैसे काढायला पैसे मागतात तेव्हा ते गेलेले असतात.

लाजेपोटी चार दिवस गप्प राहिलो, ती चूक माझी. तुम्ही 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तासाभरात फोन करा. पण पुढचं? ठाणं म्हणतं जिल्ह्याच्या सायबरला जा. सायबर म्हणतं बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट आणा. बँक म्हणते तक्रारीची प्रत दाखवा. प्रतीवर सही करणारे साहेब बंदोबस्तात. सात चकरा, दर वेळी एसटीनं अख्खा दिवस. एक हवालदार हसून म्हणाला, "कापूस विकून अमेरिका घ्यायले निघाले होते काय?" चोरापेक्षा त्याचाच राग जास्त येतो. अॅपवाल्याची नोंदणी सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवर दोन मिनिटांत पाहता येते, हे मला त्यानं नाही, भाच्यानंच सांगितलं.

पेरणी उधारीवर झाली. पोत अजून सुटली नाही. एका खात्यात 11,400 रुपये गोठवलेत म्हणाले, ते हवे तर कोर्टाचा आदेश आणा, असं तेव्हा सांगितलं. वकील 15,000 मागत होता.