घरचे वावर की चिखलदरा? दोन दिवसांच्या सुटीचा हिशेब

अमरावती जिल्ह्यातील परतवाडा-चांदूरबाजारच्या पट्ट्यात ज्यांचे घर आहे, त्यांच्यापुढे जोडसुटी आली की एकच वाद उभा राहतो: सगळ्यांनी चिखलदरा गाठावे, की घरीच राहून वावरात, म्हणजे शेतात, रोडग्यांचा (गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा) बेत करावा? दोन्ही अनेकदा करून पाहिल्यावर मी निवडीची कसोटी बदलली आहे. ठिकाण किती रमणीय आहे यापेक्षा, त्या दोन दिवसांत घरातील कोणाच्या वाट्याला विसावा येतो आणि कोणाच्या वाट्याला नुसती धावपळ, हे मी आधी पाहतो.

चिखलदऱ्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. सुमारे १,१०० मीटर उंचीवरचे हे विदर्भातील थंड हवेचे ठिकाण परतवाड्याहून घाटरस्त्याने साधारण ३० किलोमीटरवर आहे. जुलै ते सप्टेंबरमध्ये दरीतून वर चढणारे धुके, भीमकुंडात कोसळणारे पाणी आणि १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतलेला गाविलगड, एवढे एका दिवसात मुलांना दाखवता येते. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे घरातील बायांची चूल दोन दिवस बंद राहते. मात्र पावसाळी शनिवार-रविवारी घाटात वाहनांची रांग लागते, धुक्यात गाडी चालवणाऱ्याची मान अवघडून जाते, आणि गुडघे धरलेली आजी खोलीच्या खिडकीशी बसून बाकीचे परत येण्याची वाट पाहते. खर्चाचे तर बोलायलाच नको. सहा माणसांच्या दोन खोल्या आणि चार वेळचे जेवण यांत घरी महिनाभराचा किराणा येतो.

घरच्या सुटीला खरा बहर येतो तो नोव्हेंबरअखेर ते जानेवारी या काळात. काळी माती तोवर वाळून पायाखाली घट्ट झालेली असते, तुरीच्या शेंगा भरत आलेल्या असतात, कोणाकडे ज्वारी असली तर हुरडा मिळतो, आणि डिसेंबरच्या अखेरीस बहिरमची यात्रा सुरू होऊन महिनाभराहून अधिक चालत असल्याने एक संध्याकाळ तिकडेही काढता येते. पावसाळ्यात मात्र हाच पर्याय फसतो, कारण पांदणीतून वावरापर्यंत पोहोचेपर्यंत चपलेला किलोभर चिखल चिकटतो आणि तेवढ्यात वीजही गेलेली असते.

तरीही “गावी आराम” हा बहुधा पुरुषांचाच असतो, हे मान्य केले पाहिजे. पाहुणे येतात, चहाचे आधण चुलीवरून उतरत नाही, पोळ्यांचा ढीग लाटावा लागतो, आणि रविवारी रात्री घरातील बाई सोमवारपेक्षा अधिक थकलेली असते. रोडग्यांचा बेत मला आवडतो तो यासाठी, की आमच्या घरी त्या दिवशीचे काम पुरुषमंडळी उचलतात. काकाजी गोवऱ्या रचतात, मोठे बाबा तेलाचा हात लावत कणकेचे गोळे वळतात, आणि निखाऱ्यांत भाजून राख झटकलेले रोडगे तुपात बुडवून वांग्याची भाजी व तुरीचे वरण यांच्यासोबत वाढतात. मोठी आई त्या दिवशी बाभळीच्या सावलीत बाजेवर बसून फक्त मीठ कमी असल्याचे सांगते. आबाजींना धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, जुन्या तंट्याची गोष्ट सांगायला नवे श्रोते मिळतात. ती गोष्ट दर वेळी थोडी लांबते, एवढीच तिची अडचण आहे.

आणखी एक बाब शहरातून येणारे विसरतात: कापसाच्या वेचणीत शेतकऱ्याला रविवार नसतो. संध्याकाळी काट्यावर वजन करून मजुरीचा हिशेब लावायचा असतो. आमच्या भागात आठवडी बाजाराच्या दिवशी बहुतेक मजूर सुटी घेतात, म्हणून ज्यांच्या गावचा बाजार शनिवारी किंवा रविवारी भरतो, त्यांचे जुळून येते. इतरांनी निदान घरच्या कर्त्या माणसाला आधी विचारून दिवस ठरवावा.

ज्यांना दोन्हींचा मोह सुटत नाही, त्यांनी गावी मुक्काम ठेवून अर्धा दिवस मुक्तागिरीला जावे. जागा मध्य प्रदेशात असली तरी वाट परतवाड्याहून खरपीमार्गे जवळचीच आहे. डोंगरावर ५२ जैन मंदिरे आहेत, पण पायऱ्या बऱ्याच असल्याने आजीला नेऊ नये.

माझा कौल असा: मुले मोठी असतील, आजी-आबाजी सोबत नसतील आणि पावसाळा असेल, तर चिखलदरा, शक्य असल्यास शुक्रवारी दुपारीच निघून घाट गर्दीआधी चढावा. तान्ही मुले आणि वृद्ध बरोबर असतील व थंडी पडलेली असेल, तर घरचे वावर, तेही शनिवारचा स्वयंपाक पुरुषांनी करण्याचे आधी कबूल केले असेल तरच. ते कबूल होत नसेल, तर थंडीतही चिखलदऱ्याची खोली ठरवून टाकावी.