पुण्यातली भाषा-शिक्षकांची परिषद: १२०० रुपये वसूल झाले का?

वाचन-लेखन शिकवणाऱ्यांसाठी म्हणून पुण्यात दोन दिवसांची परिषद होती, तिला मागच्या महिन्यात जाऊन आले. नाव लिहीत नाही कारण पुढच्या वर्षी परत जायचंय. मी झेडपीची, पहिली-दुसरीची बाई, सातारा जिल्हा. ओडी, म्हणजे ऑन ड्युटी, मिळाली, टीए, म्हणजे प्रवासभत्ता, नाही, फी १२०० स्वतःच्या पर्समधून. म्हणून जरा कडक लिहितेय.

पहिला दिवस साडेनऊचा होता, सुरू झाला अकराला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, मनोगत, मग अजून एकाचं 'दोनच मिनिटं' म्हणून पंचवीस मिनिटं. एका सरांनी वाचनसंस्कृती लोप पावतेय यावर पीपीटी आणलेली, अक्षर इतकं बारीक की मागच्या चार ओळींना दिसेना, मग त्यांनी ती सगळी आम्हाला वाचूनच दाखवली. माझ्या शेजारच्या मॅडम पिशवीतून वह्यांचा गठ्ठा काढून तपासत बसल्या होत्या, खरंच.

त्या दिवशीचा एकच प्रश्न कामाचा होता आणि तो स्टेजवरून नाही, खालून आला. निपुणमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात, दुसरीच्या पोराने मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचायचे, तिसरीला किमान ६०. एका सरांनी विचारलं की हिंदीत 'घर के बाहर के' हे चार शब्द होतात आणि आपल्याकडे 'घराबाहेरच्या' हा एकच, तो पोरगा फोड करत करत वाचणार, मग दोघांना घड्याळ एकच कसं? पाहुणे म्हणाले छान प्रश्न आहे, आणि पुढची स्लाइड.

पैसे फिटले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. वरच्या मजल्यावरची खोली, पंखा बंद, आम्ही तीसेक जण आणि कार्यशाळा घेणाऱ्या ताईंनी पीपीटी आणलीच नव्हती. पोरांच्या वह्यांच्या झेरॉक्स वाटल्या. माझ्या पानावर होतं, 'मझ बब शतत गल'. आम्ही लगेच सुरू, काना नाही, मात्रा नाही, वेलांटीचा तर विषयच सोडा. ताई म्हणाल्या, याला काय येतंय ते आधी सांगा. मग सगळे गप्प, आणि हळूहळू दिसायला लागलं की शब्द चार आहेत, 'माझे बाबा शेतात गेले', मधे जागा सोडलीय, एकही व्यंजन चुकलेलं नाही, 'शेतात'मधला दुसरा 'त'सुद्धा लिहिलाय, म्हणजे हे पोरगं फळ्यावरचं उतरवत नाहीये, आवाज ऐकून लिहितंय, फक्त स्वराची खूण करायची असते हे त्याला कोणी नीट दाखवलेलं नाही. अशा किती वह्यांवर मी लाल गोल केलेत ते आठवून पोटात कसंतरी झालं.

तिथून गाडी आली क ते ज्ञ पूर्ण झाल्याशिवाय काना द्यायचा नाही या आपल्या सवयीवर. ताईंनी फळ्यावर फक्त क, म, ल आणि काना लिहिला आणि आम्हाला शब्द काढायला लावले: काम, माल, लाल, मला, काका, मामा, कमाल. पाच मिनिटांत 'काकाला काम, मामाला माल' पर्यंत पोचलो. फलटणला शिक्षणतज्ज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी वर्णमालेचा क्रम बाजूला ठेवून अक्षरांचे गट करून वाचन शिकवलं ते डीएडला असताना कानावरून गेलं होतं, पण आपण स्वतः शब्द काढल्यावर कळतं की पोराला पहिल्या आठवड्यातच वाचल्याचा आनंद का मिळतो. दीड तास कसा गेला कळलं नाही, आणि नेमकं हेच सत्र चहासाठी वीस मिनिटं कापलं!

जेवण ठीक, मठ्ठा भारी. पुस्तकांचे स्टॉल चांगले होते पण वेळ दिला नव्हता, मी पळत पळत तीन चित्रांची पुस्तकं घेतली. प्रमाणपत्रावर 'उपस्थीत' असं छापलंय, दीर्घ. भाषेच्या परिषदेत. ते मी फाइलला लावलंय तसंच.

५ पैकी ३, आणि त्यातले अडीच त्या वरच्या खोलीचे. जायचं असेल तर पहिल्या दिवशी जेवायच्या वेळेला पोचलात तरी चालतंय, फक्त फॉर्म भरतानाच कार्यशाळेपुढे टिक करा, आमच्या केंद्रातल्या दोघी 'तिथे गेल्यावर बघू' म्हणून राहिल्या आणि दीड तास दारात उभ्या होत्या.