कट ग्लास घ्यावी की साच्यातली?

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्याचं सामान विकायला निघालं. वहिनींना दोन नक्षीदार बाऊल आवडले, एक कट ग्लासचा म्हणजे काच कापून नक्षी काढलेला, दुसरा साच्यात दाबलेला. घ्यायचा एकच. "भाऊजी, कोणता घेऊ? दोन्ही सारखेच दिसून राहिले!" विकणारा दोन्हींना 'बेल्जियम' म्हणत होता. ते सोडा, आपल्याकडे प्रत्येक जुनी काच बेल्जियमचीच असते.

ओळख बोटांनी पटते. चाकावर कापलेल्या नक्षीची कड धारदार लागते. साच्यात दाबलेली गोलसर असते आणि बाहेरून बहुधा जोडाची बारीक रेघ सापडते. शिसं मिसळलेली कट ग्लास हाताला जड. टिचकी मारली की नाद रेंगाळतो. पण जाड बाऊल नीट वाजत नाही, तेव्हा नुसत्या टिचकीवर जाऊ नका. बूड पाहा. खऱ्या वापराचे ओरखडे बारीक, वेडेवाकडे असतात. सगळे एकाच दिशेचे दिसले तर जुनं दिसावं म्हणून कुणीतरी पॉलिश पेपर घासलाय.

कापायला कारागिराचे तास लागतात, म्हणून कट ग्लास महाग. यंत्रावर काच दाबणं अमेरिकेत १८२० च्या दशकात सुरू झालं ते स्वस्ताईसाठीच. अपवाद दुर्मिळ रंगांचा. युरेनियम मिसळलेली काच नोटा तपासायच्या दिव्याखाली हिरवी चमकते, तिला गिऱ्हाईक वेगळं. टवका उडाला की भाव दोन्हींचा पडतो.

शिसं मिसळलेल्या काचेच्या भांड्यात लोणचं मात्र ठेवू नका, आंबटात शिसं उतरतं.

कपाटात सजवायला, पुढेमागे विकायला कट ग्लास. पाहुण्यांपुढे संत्र्याच्या फोडी ठेवायला साच्यातली. वहिनींनी साच्यातला उचलला.